मंच, ग्रंथ आणि श्रोता : उपासनेतील शास्त्रवाचनाची परंपरा व उज्जैनचा प्रश्न

उपासनेत पवित्र शास्त्राचे वाचन होते. परंतु त्याचे श्रवण होते काय? हा प्रश्न आजकाल धर्मगुरूंच्या बैठकींतून व सेमिनरीच्या वर्गांतून वारंवार विचारला जातो. त्याच्या उत्तरादाखल नाट्यवाचन, समूहवाचन, संगीतमय वाचन, पडद्यावरील चित्रे असे नानाविध उपाय सुचविले जातात. काहींना ह्या उपायांत उपासनेचे पुनरुज्जीवन दिसते, तर काहींना पावित्र्याचा भंग. दोन्ही पक्षांची एक समजूत मात्र समान असते. ती अशी की, शास्त्रवाचनाची कल्पक मांडणी ही आपल्या काळाने काढलेली नवी टूम आहे. ही समजूत इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही ह्या परंपरेचे काही टप्पे पाहणार असून, अखेरीस उज्जैन नगरीकडे वळणार आहोत. कारण सुरियानी उपासना, मराठी कीर्तन आणि माळव्याचे लोकनाट्य हे तीन प्रवाह ज्या भूमीत एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर वाहतात, अशी स्थळे भारतात फारशी नाहीत.

आरंभ जुन्या करारापासून करावा लागेल. नहेम्याच्या ग्रंथातील आठवा अध्याय हे सार्वजनिक शास्त्रवाचनाचे सर्वांत तपशीलवार असे प्राचीन चित्र होय. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमतात. पुरुष, स्त्रिया आणि समजण्याजोगी मुले असे सर्वजण तेथे असतात. ह्याच प्रसंगासाठी मुद्दाम तयार केलेल्या लाकडी मंचावर एज्रा शास्त्री उभा राहतो. तो ग्रंथ उघडताच लोक उठून उभे राहतात. पहाटेपासून दुपारपर्यंत वाचन चालते आणि लेवी लोकांमध्ये फिरून वाचलेल्याचा अर्थ त्यांस समजावून देतात. ते ऐकून लोक रडू लागतात. ह्या वर्णनातील एकेक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे : उंच मंच, ग्रंथाचे दर्शन, श्रोत्यांची शारीरिक हालचाल, अर्थविवरण आणि अंतःकरणाला झालेला स्पर्श. ह्या उताऱ्याच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात मंचासाठी ‘बेमा’ हा शब्द आलेला आहे. तो शब्द आपल्याला पुढे पुन्हा भेटेल.

सभास्थानातील वाचनाची परंपरा प्रभू येशूच्या काळी सुस्थिर झालेली होती. लूककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात प्रभू नासरेथच्या सभास्थानात यशयाचा ग्रंथपट उघडतो, उभा राहून वाचतो, पट गुंडाळून सेवकाच्या हाती देतो आणि मग बसून बोलू लागतो. आरंभीच्या ख्रिस्तसभेने हाच क्रम स्वीकारला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोम येथे लिहिणाऱ्या जस्टिन ह्या रक्तसाक्ष्याने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले आहे. त्यानुसार प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ पुरेल तितके वाचले जात. वाचक थांबला की अध्यक्ष बोधपर भाषण करी. येथे वाचक आणि अध्यक्ष ह्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. वाचन हे स्वतंत्र सेवाकार्य असून ते प्रवचनाची केवळ प्रस्तावना नव्हे, ही जाणीव त्या प्राचीन काळीच झालेली होती.

ह्या जाणिवेला सुरियानी भाषिक ख्रिस्तसभेने जे रूप दिले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. पूर्व सुरियानी मंदिरात भाविकांच्या मध्यभागी एक उंच ओटा असे व त्यास ‘बेमा’ म्हणत. एज्राच्या मंचाचेच हे नाव. शास्त्रवाचने वेदीजवळून न होता ह्या ओट्यावरून, म्हणजे लोकांच्या मधोमध होत असत. वाचनेही चार : नियमशास्त्र, संदेष्टे, प्रेषितांचे पत्र आणि शुभवर्तमान. शुभवर्तमानाचा ग्रंथ दिव्यांसह मिरवणुकीने आणला जाई. चौथ्या शतकात निसिबिस व एदेसा येथे वास्तव्य केलेल्या संत एफ्रेम ह्यांनी (निधन ३७३) शास्त्राचा आशय गीतांत बांधला आणि ती गीते समर्पित कुमारिकांच्या गायकवृंदाकडून मंदिरात गाऊन घेतली. त्याच परंपरेत ‘सोगीथा’ नावाचा संवादकाव्याचा प्रकार बहरला. त्यात शास्त्रातील दोन व्यक्ती एकेक कडव्याने एकमेकींशी बोलतात. देवदूत आणि मरिया, काइन आणि हाबेल, स्वर्गाच्या दारातील करूब आणि पश्चात्तापी चोर अशा जोड्या त्यांत येतात. ह्यांपैकी करूब व चोर ह्यांचा संवाद पूर्व सुरियानी समाजांत पुनरुत्थानाच्या सणाच्या काळात प्रत्यक्ष दोन व्यक्तींनी सादर करण्याची प्रथा आपल्या काळापर्यंत टिकून राहिली आहे. म्हणजे ज्यास आज आपण नाट्यवाचन म्हणतो, ते सुमारे दीड सहस्र वर्षांचे जुने आहे. आणि ते भारतातील संत थोमाच्या ख्रिस्ती समाजाचा ज्या परंपरेशी आध्यात्मिक संबंध आहे, त्याच परंपरेतील आहे.

पाश्चात्त्य ख्रिस्तसभेतही असाच प्रवाह आढळतो. पवित्र सप्ताहात प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत तीन स्वरांत गाण्याची चाल मध्ययुगात रूढ झाली : निवेदकाचा एक स्वर, ख्रिस्ताचा संथ व खालच्या पट्टीतला दुसरा आणि इतर पात्रांचा व जमावाचा तिसरा. दहाव्या शतकात इंग्लंडमधील विंचेस्टर येथे तयार झालेल्या मठीय नियमावलीत, पुनरुत्थानाच्या पहाटे कबरेशी आलेल्या स्त्रिया व देवदूत ह्यांचा संवाद चार मठवासीयांनी कसा सादर करावा, ह्याच्या तपशीलवार सूचना आहेत. पुढील काही शतकांत ह्या बीजातून मोठी धार्मिक नाट्ये उभी राहिली, त्यांत विनोदी पात्रे शिरली, आणि शेवटी ती मंदिरातून नगराच्या चौकात गेली. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवितो, कारण सादरीकरणाची शक्ती व त्यातील धोका ह्या दोहोंचा दाखला तिच्यात मिळतो. जोवर संवाद शास्त्राच्या शब्दांना धरून होता तोवर तो उपासनेचा भाग राहिला. तो आपल्याच बळावर वाढू लागला तेव्हा त्याला दुसरे घर शोधावे लागले.

आता मराठीकडे येऊ. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, तेथेच राहिले. साष्टी प्रांतातील नवख्रिस्ती लोकांची पूर्वीची पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी त्यांस काहीच मिळाले नव्हते. उपासना लॅटिनमध्ये, शास्त्रवाचनही लॅटिनमध्ये. ही पोकळी ओळखून स्टीफन्स ह्यांनी ओवीबद्ध पुराण रचले. १६१६ साली रायतूर येथे ते रोमन लिपीत छापले गेले, कारण देवनागरीचे खिळे तयार होऊ शकले नाहीत. पहिल्या पुराणात जुन्या कराराचा, तर दुसऱ्यात ख्रिस्तचरित्राचा विषय असून एकूण ओव्या १०,९६२ आहेत. रविवारी व सणांच्या दिवशी मिस्सानंतर किंवा दुपारी मंदिरात जमलेल्या लोकांपुढे ह्या पुराणाचे वाचन होई. कोणी एक ओवी म्हणे, अर्थ उलगडला जाई आणि इतर ऐकत. महाराष्ट्रातील देवळांत पुराणिक करीत असे तेच हे कार्य होते. आसन तेच, लय तीच, कथा मात्र अब्राहामाची, मोशेची व मरियापुत्राची. पुढे १६८४ साली पोर्तुगीज राजप्रतिनिधीने लोकभाषा तीन वर्षांत सोडून देण्याचा हुकूम काढला, तरीही हे पुराण नाहीसे झाले नाही. टिपू सुलतानाने १७८४ मध्ये कानडा किनाऱ्यावरील ख्रिस्ती लोकांस श्रीरंगपट्टणास बंदिवान करून नेले, तेव्हा १७९९ पर्यंतच्या त्या वनवासात ह्याच पुराणाच्या पठनाने त्यांस धीर दिला, असे त्या समाजाची परंपरा सांगते. उत्तर कोकणात फ्रान्सिस्को व्हाज दे गिमारांइश ह्यांच्या सतराव्या शतकातील मराठी पुराणानेही मुंबई परिसरातील ख्रिस्ती घरांत असेच स्थान मिळविले होते.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांमुळे चित्र बदलले. विल्यम कॅरी ह्यांनी श्रीरामपूर येथून १८११ साली मराठी नवा करार प्रसिद्ध केला, आणि १८४७ पर्यंत संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत उपलब्ध झाले. ह्या उपकाराचे मोल शब्दांत सांगता येणार नाही. परंतु छापील ग्रंथाबरोबर वाचनाची एक नवी रीतही आली. गद्याचा सपाट स्वर, बाकांवर रांगेने बसलेली मंडळी आणि हाती ग्रंथ घेतलेला एकटा वाचक. ज्यांस अक्षरओळख नव्हती, त्यांच्या कानांना हा स्वर परका होता. ही उणीव ओळखून तेव्हाच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) ह्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. नमन, मूळपद व त्याचे निरूपण असा पूर्वरंग, मध्यंतरी नामगजर, आणि त्याच विषयाला अनुसरून बायबलातील आख्यान असा उत्तररंग, ही नारदीय कीर्तनाची बांधणी त्यांनी ख्रिस्ती आशयासाठी वापरली. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळक ह्यांनी अभंग, पदे आणि कीर्तन ह्यांच्याद्वारे ह्या परंपरेस साहित्यिक उंची दिली.

येथे थोडे थांबून एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. स्टीफन्स ह्यांचे पुराण मिस्सानंतर वाचले जाई, मिस्सामध्ये नव्हे. सांगळे ह्यांचे कीर्तन रात्री, उत्सवात किंवा बाहेरील श्रोत्यांसमोर होई. रविवारच्या सकाळच्या उपासनेतील शास्त्रपाठ पूर्वीसारखाच होत राहिला. म्हणजे साडेतीन शतके मराठी ख्रिस्ती माणसाला शास्त्र ज्या रूपात भावले ते रूप उपासनेच्या उंबरठ्यावर उभे होते आणि आत वेगळेच वाचन चालू होते. कॅथॉलिक मंडळींत परकी भाषा हा अडसर होता, प्रॉटेस्टंट मंडळींत परका स्वर.

कॅथॉलिक ख्रिस्तसभेत हा उंबरठा ४ डिसेंबर १९६३ रोजी ओलांडला गेला. त्या दिवशी द्वितीय व्हॅटिकन महासभेने उपासनाविषयक संविधान घोषित करून, देवशब्दाचे भांडार भाविकांसाठी अधिक विपुलतेने खुले करण्यास सांगितले. १९६९ मध्ये नवी वाचनमाला आली. रविवारसाठी तीन वाचने, प्रतिसादस्तोत्र आणि तीन वर्षांचे चक्र अशी तिची रचना आहे. त्याच वर्षी २५ एप्रिल रोजी भारतासाठी उपासनाविषयक बारा अनुकूलनांना रोमने संमती दिली. त्यांतील एका कलमानुसार, एखाद्या पवित्र वस्तूचे चुंबन घेण्याऐवजी तिला हाताने स्पर्श करून तो हात डोळ्यांना किंवा कपाळाला लावता येतो. पोथीला हात लावून तो कपाळी नेणाऱ्या मराठी माणसास ह्या कलमाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १९७२ मध्ये वाचकपद हे सामान्य प्रापंचिकांचे सेवाकार्य ठरले आणि २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी लॅटिन ख्रिस्तसभेत ते स्त्रियांनाही विधिपूर्वक खुले केले. सीरो-मलबार ख्रिस्तसभेत १९६२ साली सुरियानीची जागा मल्याळम भाषेने घेतली, आणि ८ फेब्रुवारी १९८६ रोजी कोट्टयम येथे पोप जॉन पॉल दुसरे ह्यांच्या हस्ते पुनर्स्थापित ‘राझा’ विधीचा प्रारंभ झाला. त्यात चार वाचनांना त्यांचे जुने स्थान परत मिळाले.

ह्या पार्श्वभूमीवर उज्जैनकडे पाहू. १९६८ साली उज्जैन येथे सीरो-मलबार परंपरेचे धर्मक्षेत्र स्थापन झाले आणि ते त्याच वर्षी जन्मास आलेल्या संत थोमा प्रेषित मिशनरी संस्थेकडे सोपविण्यात आले. जॉन पेरुमट्टम हे त्याचे पहिले अधिपती. १९७७ मध्ये त्यास पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्यापूर्वी कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशन १८७७ पासून इंदूर येथे व पुढे माळव्यातील इतर नगरांतही कार्य करीत होते. ह्या धर्मप्रांतात पुरोहित बहुधा केरळचे, विधी सुरियानी मुळाचा, उपासनेची भाषा हिंदी आणि श्रोत्यांच्या घरची बोली माळवी, असा चौपदरी पट विणलेला आहे. उज्जैनमधील सेमिनरीचे ‘रुहालय’ हे नावच ह्या पटाचे द्योतक आहे. ‘रुहा’ हा सुरियानी भाषेतील आत्मावाचक शब्द आणि ‘आलय’ हा संस्कृत.

आणि ही नगरी श्रवणाची नगरी आहे. श्रीकृष्णाने सांदीपनींकडे येथेच विद्या घेतली असे परंपरा मानते. ती विद्या गुरुमुखातून शिष्याच्या कानी पडलेली. अठराव्या शतकात राणोजी शिंदे ह्यांच्याबरोबर मराठी कुटुंबे येथे आली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर ह्यांनी महाकालाच्या मंदिराची पुनर्बांधणी केली, आणि १८१० मध्ये दौलतराव शिंदे ह्यांनी ग्वाल्हेरला मुक्काम हलवीपर्यंत ही शिंदेशाहीची राजधानी होती. त्या कुटुंबांबरोबर हरिकीर्तनही माळव्यात आले. खेडोपाडी तंबोरा व मंजिऱ्यांच्या साथीने कबीर गाणाऱ्या मंडळ्या आहेत. आणि ह्याच नगरीत ‘माच’ हे लोकनाट्य वाढले. ‘माच’ म्हणजे मंच. उघड्यावर बांधलेला उंच मंच, ढोलकीचा ठेका, पात्राने गायलेला बोल, आणि त्याची टेक उचलून धरणारे साथीदार. खेळाच्या आरंभी भिश्ती येऊन पाणी शिंपडल्याचा आणि फर्रासन येऊन जाजम अंथरल्याचा अभिनय करते. मग कथा सुरू होते. ऐकण्यासाठी आधी भूमी तयार करावी लागते, हे माळव्याच्या निरक्षर प्रेक्षकालाही ठाऊक आहे. एज्राचा मंच, सुरियानी बेमा आणि माळव्याचा माच ह्यांची मुळे भिन्न आहेत, हे आम्ही जाणतो. तरी तिघांमागील गरज एकच आहे. शब्द लोकांच्या मध्ये, उंचावर आणि सर्वांच्या समक्ष उच्चारला जावा.

येथे दोन आक्षेप उभे राहतात व दोहोंचाही गंभीरपणे विचार करावा लागतो. पहिला आक्षेप बाहेरचा. १९५६ मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मध्य प्रदेशातील मिशनरी कार्यासंबंधी कठोर अहवाल दिला. १९६८ मध्ये, म्हणजे उज्जैनचे धर्मक्षेत्र स्थापन झाले त्याच वर्षी, राज्याने धर्मस्वातंत्र्य कायदा केला. २०२१ मध्ये त्याची जागा अधिक कडक कायद्याने घेतली. अशा वातावरणात कीर्तन, आरती किंवा माच ह्यांचा स्वीकार म्हणजे वेष पालटून केलेला प्रचार होय, असा संशय घेतला जातो. ह्यास उत्तर म्हणून कलाप्रकार टाकून द्यावेत असे आम्हांस वाटत नाही. परंतु तो कोणासाठी वापरला जातो हे स्पष्ट असले पाहिजे. मंदिरात जमलेल्या श्रद्धावंतांनी आपल्या शास्त्राचे श्रवण आपल्याच मातीच्या सुरात केले, तर त्यात लपविण्याजोगे काही नाही. माळवी घरात जन्मलेल्या ख्रिस्ती माणसाला ढोलकी उसनी आणावी लागत नाही. ती त्याचीच आहे. तीच ढोलकी केवळ अन्य लोकांस आकर्षित करण्यासाठी वाजू लागली, तर संशय घेणाऱ्याला दोष देणे कठीण होईल.

दुसरा आक्षेप आतला. सीरो-मलबार ख्रिस्तसभेत गेली अनेक दशके दोन मतप्रवाह आहेत. एकास सुरियानी वारशाची शुद्ध पुनर्स्थापना हवी आहे, तर दुसऱ्यास भारतीयीकरण. मिशन धर्मप्रांतांत हा वाद केवळ पंडिती राहत नाही; राजगढ किंवा शाजापूर जिल्ह्यातील एखाद्या लहान मंडळीत रविवारी काय ऐकू येईल, ह्याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो. आमच्या मते इतिहास ह्या वादातील द्वंद्व बरेच सौम्य करतो. सोगीथातील दोन स्वरांचा संवाद आणि माचातील सवाल-जबाब परस्परांना परके नाहीत. संत एफ्रेमांच्या गीताचे ध्रुपद उचलणारी मंडळी आणि कीर्तनकाराचे मूळपद झेलणारे झिलकरी ह्यांना एकमेकांची ओळख पटेल. जो सुरियानी वारशाशी खरोखर निष्ठ राहील, त्याला स्थानिक कंठ शोधावाच लागेल, कारण तो वारसा स्वतः एका स्थानिक कंठातून निर्माण झाला होता.

ह्या सर्व इतिहासातून आम्ही तीन निष्कर्ष काढतो. पहिला, शास्त्राचा मजकूर पूर्ण व अबाधित राहिला पाहिजे. स्टीफन्स व सांगळे ह्यांना शास्त्राच्या जागी दुसरी रचना द्यावी लागली, कारण त्यांच्या काळी उपासनेतील वाचन लोकांच्या कानापर्यंत पोहोचत नव्हते. आज मजकूरच लोकभाषेत आहे. तेव्हा पुराण व कीर्तन ह्यांनी त्याची जागा न घेता त्याची वाट तयार करावी. वाचनापूर्वी एखादे पद, वाचनानंतर त्याच विषयाचे ध्रुपद, आणि मध्ये शास्त्राचा स्वतःचा शब्द, हा क्रम कीर्तनाच्या व सुरियानी विधीच्या दोन्ही शिस्तींत बसतो. दुसरा, अर्थविवरण श्रोत्याच्या बोलीत व्हावे. एज्राच्या लेवींनी तेच केले. संमत हिंदी पाठ जसाच्या तसा वाचून त्याचा आशय दोन वाक्यांत माळवीत सांगणारा धर्मशिक्षक प्रत्येक मंडळीत मिळू शकतो. तिसरा, वाचकाची तयारी. ज्याने पाठ आदल्या संध्याकाळी एकदाही मोठ्याने वाचून पाहिला नाही, त्याला ढोलकी, दिवे आणि पडदा ह्यांपैकी काहीही वाचवू शकणार नाही. तीन स्वरांत दुःखसहनाचे वाचन करणाऱ्या मठवासीयांनी आधी तालीम केलेली असे. कीर्तनकार आख्यान पाठ करून येई. माचाचा गुरू शिष्यांकडून बोल घोटून घेई. आपल्या मंडळ्यांत मात्र वाचकाची निवड पुष्कळदा प्रवेशगीत चालू असताना होते.

तेव्हा सेमिनरीतील विद्यार्थ्यांस आमची सूचना अशी की, त्यांनी प्रवचनशास्त्राइतकाच वेळ वाचनशास्त्रासही द्यावा. ज्या गावी त्यांची नेमणूक होईल तेथील भजनमंडळीत एक पावसाळा बसून ऐकावे, आणि मगच मंदिरात काही नवे सुरू करावे. एज्राच्या भोवती उभे असलेले लोक रडले ते मंच सुंदर होता म्हणून नव्हे. आपल्याशी कोण बोलत आहे हे त्यांस प्रथमच समजले होते.